फ्रान्सच्या खेड्यांतून पळताना: रूळ, पाट, कालवा आणि पहाऱ्याची वाट

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं जोडपं, दोघंही पन्नाशी ओलांडलेली. आठवड्याला २५-३० किलोमीटर पळतात, महिन्यातून दोनदा सिंहगड चढतात. मुलगी ल्योंला शिकते, तिच्याकडे १७ सप्टेंबरपासून बारा दिवस मुक्काम. गाडी भाड्याने घ्यायची नाही. ८ ते १५ किलोमीटरचे, खेड्यांतून जाणारे आणि वाटेत काहीतरी जुनं बघायला मिळेल असे मार्ग हवेत. सोबत अकरा शातोंची (जुन्या सरदारी-राजेशाही वाड्यांची) यादी जोडली आहे, त्यांच्याभोवती कुठे पळता येईल ते सांगा म्हणून.

ती यादी मुलीच्या फ्रिजवर लावून ठेवा, पावसाच्या दिवशी उपयोगी पडेल. शातो म्हणजे वाहनतळ, तिकिटाची खिडकी, खडी पसरलेलं अंगण आणि गवतावर पाय ठेवू नका अशी पाटी. शांबोरचंच घ्या. ३२ किलोमीटर लांब कुंपणभिंत, आत ५,४४० हेक्टर जंगल, ऐकायला केवढं भारी वाटतं! प्रत्यक्षात आतले रस्ते बाणासारखे सरळ आहेत, दोन किलोमीटर पळलात तरी समोरचं चित्र हलत नाही. त्यात तुम्ही येताय तो काळ तिथल्या हरणांच्या माजाचा. नर रात्रभर हंबरत असतात, लोक खास ते ऐकायला जातात. पहाटे आपण तिथे कडमडायचं काही कारण नाही.

मी ल्योंच्या उत्तरेला एका गावात सोळा वर्षं राहतोय. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, पण वर्षातले पाच-सहा शनिवार-रविवार पळणाऱ्यांचे छोटे गट घेऊन खेड्यापाड्यांत जातो. सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच नकाशावर जुन्या इमारती शोधायचो आणि मग जवळपास पळायला रस्ता आहे का बघायचो. त्यात पळणंही धड होत नाही आणि बघणंही. आता उलटं करतो. जी वाटच मुळात जुनी आहे, कुणीतरी काहीतरी वाहून न्यायला बांधली आहे, ती धरतो. पाणी न्यायला बांधलेली वाट वेगळी, घोड्यासाठी वेगळी, इंजिनासाठी वेगळी, चोर पकडायला पाडलेली आणखी वेगळी. कोणासाठी बांधली ते कळलं की तुमच्या गुडघ्यांचं काय होणार तेही आधीच कळतं.

तुम्हाला सगळ्यात जवळ पडेल तो कॉर्माताँ ते क्लुनी हा मार्ग, साधारण १४ किलोमीटर. इथे पूर्वी शालों आणि माकों यांना जोडणारी रेल्वे होती. ती बंद पडली, रूळ उचलले, आणि १९९७ मध्ये जिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा पट्टा डांबर टाकून चालणाऱ्या-पळणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुला केला. फ्रान्समधली ही पहिली 'व्वा व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट. (उच्चार खरोखरच 'व्वा' असा आहे.) वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून टेकडी आली की वळसा घ्यायचा किंवा खोदून पार व्हायचं. त्या कंजुषीचा फायदा आज आपल्याला होतो. मोटारी नाहीत, चढ जाणवेल न जाणवेल इतका, जुनी स्टेशनं तशीच उभी. कुठे फलाटाची कड दिसते, कुठे भिंतीवर गावाचं नाव.

सिंहगडवाल्यांची इथे एक हमखास चूक होते. सपाट आहे म्हणून पहिले पाच किलोमीटर उधळतात. चढ-उतारावर स्नायू आलटून पालटून काम करतात, इथे तेच ते स्नायू तेच ते काम तासभर करत राहतात. दहाव्या किलोमीटरला पोटऱ्या धरतात. दर स्टेशनला मिनिटभर चाला. इंजिनसुद्धा थांबायचं तिथे.

कॉर्माताँला सतराव्या शतकातला खंदकवाला शातो वाटेला लागूनच आहे, बाहेरून बघून निघा. ग्रोन नदीवर सकाळी धुकं असतं, आणि त्यात शारोले जातीच्या पांढऱ्या गायी अशा उभ्या असतात की आधी फक्त पाठी दिसतात, पाय नंतर. चारेक किलोमीटरवर टेकडीवर तेझे गाव. १९४० मध्ये इथे एक ख्रिस्ती संघ सुरू झाला, वेगवेगळ्या पंथांचे लोक एकत्र राहतात, जगभरातून तरुण मुलं येतात. थोडा चढ चढून गावातलं जुनं रोमनेस्क (गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतलं) चर्च बघा, फार लहान आहे. घामाचा टीशर्ट घालून आत गेलात तर कोणी काही म्हणत नाही, फक्त बूट पुसून घ्या आणि बोलू नका.

आता क्लुनी. इथला मठ ९१० सालचा. त्याचं तिसरं चर्च १०८८ मध्ये बांधायला घेतलं, लांबी १८७ मीटर. रोमचं सेंट पीटर्स नव्याने उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९८ मध्ये, ते विकलं गेलं आणि घेणाऱ्यांनी ते दगडाची खाण म्हणून वापरलं. पंचवीसेक वर्षं पाडकाम चाललं होतं. नेपोलियनच्या काळात बाजूला घोड्यांची पैदास करायला सरकारी पागा उभ्या राहिल्या, त्यातही हेच दगड. आज जेमतेम दहावा हिस्सा शिल्लक आहे. वाटेवरून गावात शिरताना जो अष्टकोनी मनोरा दिसतो तो म्हणजे चर्चच्या एका आडव्या भुजेचं एक टोक, बस. मी माझ्या गटाला इथे एक गोष्ट करायला लावतो. प्रवेशद्वाराच्या खांबांचे बुंधे अजून उघड्यावर दिसतात. तिथून घड्याळ लावा आणि १८७ मीटर मोजा. किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या पेसने सव्वा मिनिट लागतं. सव्वा मिनिट तुम्ही एका इमारतीच्या आतच पळत असता, फक्त आता तिथे रस्ता आहे, घरं आहेत आणि कुणाची तरी मोटार लावलेली आहे. तिकीट काढून संग्रहालय बघण्यापेक्षा ही सव्वा मिनिटं जास्त लक्षात राहतात असा माझा अनुभव आहे. तिकीटही काढा, ते वेगळं.

पाय अजून शिवशिवत असतील तर क्लुनीच्या दक्षिणेला याच वाटेवर ब्वा क्लेरचा जुना रेल्वे बोगदा आहे, १.६ किलोमीटर. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात, सप्टेंबरात उघडा असतो. आत चांगलीच थंडी वाजते. आणि चढाची सवय मोडायची नसेल तर माकोंजवळचा सोल्युत्रेचा कडा आहे, माथा ४९३ मीटर. खाली प्रागैतिहासिक माणसांनी मारलेल्या घोड्यांची हाडं ढिगांनी सापडली. घोडे कड्यावरून हाकलून पाडायचे ही गोष्ट अजून सांगतात, पण ती खरी नाही, शिकार पायथ्याशीच व्हायची. राष्ट्राध्यक्ष मित्तराँ दरवर्षी एकदा हा कडा चढायचे, कॅमेरे मागे. सिंहगडाच्या मानाने ही टेकडीच आहे. द्राक्षतोडणी चालू असेल किंवा नुकती संपलेली असेल, त्यामुळे मळ्यांतल्या गाडीवाटांवर ट्रॅक्टरला जागा द्या, आणि राहिलेला घड दिसला तरी हात लावू नका.

दुसरा मार्ग दक्षिणेला, आणि मला एकच निवडायला सांगितला तर मी हाच निवडीन. पों द्यु गार म्हटलं की सगळे तो तीन मजली रोमन पूल बघायला जातात, फोटो काढतात आणि परततात. पूल हा त्या गोष्टीचा एक तुकडा आहे. युझेसजवळच्या झऱ्याचं पाणी नीम शहराला न्यायचं होतं. सरळ रेषेत अंतर वीसेक किलोमीटर, पण मध्ये टेकड्या. म्हणून पाट टेकड्यांच्या कडेकडेने फिरवत ५० किलोमीटर नेला. आणि या ५० किलोमीटरमध्ये एकूण उतार किती, तर साडेबारा मीटर. किलोमीटरमागे सरासरी एक वीत! इसवी सनाच्या पहिल्या शतकात, पाण्याची पातळी आणि दोरी घेऊन. पुढच्या वेळी घड्याळात 'एलिव्हेशन गेन' बघाल तेव्हा हा आकडा आठवेल.

तुम्ही पुलापाशी उतरू नका. व्हेर-पों-द्यु-गार या गावापासून सुरुवात करा. गावाबाहेर पडलात की झाडीत पाटाचे अवशेष लागायला लागतात: कमानींच्या रांगा, मधूनच ढासळलेल्या, ओकच्या मुळांनी धरून ठेवलेल्या. तिकीट नाही, पाटी असलीच तर एखादी, माणूस तर बहुतेक वेळा नाहीच. एका ठिकाणी पाट कापलेला दिसतो, तिथे थांबून आत बघा. दोन्ही बाजूंना चुन्याचा जाड थर चढलेला आहे, झाडाच्या खोडासारख्या वलयांचा. चुनखडीतलं पाणी शतकानुशतकं वाहत राहिलं आणि पाट आतून आवळत गेला. आपल्याकडे गिझरच्या कॉइलवर जे जमतं तेच, फक्त हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत जाड. सहाव्या शतकाच्या सुमारास पाट सोडून दिला, आणि मग लोकांनी हा चुन्याचा थरसुद्धा फोडून घरांना दगड म्हणून वापरला.

चारेक किलोमीटर झाले की झाडी अचानक संपते आणि समोर पूल येतो, तोही वरच्या बाजूने, जिथून पाणी यायचं तिथून. ४९ मीटर उंच. खाली सहा कमानी, मध्ये अकरा, वर पूर्वी सत्तेचाळीस होत्या त्यातल्या पस्तीस उरल्या आहेत. खालच्या दोन मजल्यांत चुना-गारा नाही, दगड नुसते एकमेकांवर बसवलेले. जवळ जाऊन बघा, काही दगड भिंतीतून बाहेर डोकावतात. परांची बांधायला ते मुद्दाम ठेवलेत, काम झाल्यावर तासलेच नाहीत. काही दगडांवर कोरलेली अक्षरं आणि आकडे दिसतात, कुठला दगड कुठल्या बाजूला, कितवा, अशी रोमन गवंड्यांची खूण. आणि त्याच्या शेजारी सतराव्या-अठराव्या शतकातल्या फिरत्या फ्रेंच कारागिरांनी कोरलेली आपली नावं आणि हत्यारं. त्यांच्यात हा पूल बघून जाणं म्हणजे धंद्यातली यात्रा होती. मी तिथे नेहमी एका हातोडीच्या चित्रापाशी पाणी पितो, इतकंच.

येताना त्याच वाटेने परत, म्हणजे आठ-नऊ किलोमीटर होतात. बूट ट्रेलचेच घाला. चुनखडीचे टोकदार दगड आहेत आणि गुडघाभर उंचीचं काटेरी ओक झुडूप पोटऱ्या ओरबाडतं. थाइम आणि रोझमेरीवर पाय पडला की वास येतो, तेवढी भरपाई.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जो पाऊस येतो त्याला 'सेवेनॉल' म्हणतात. आपल्या घाटमाथ्यासारखाच प्रकार, समुद्रावरची उबदार ओली हवा सेवेन डोंगराला अडते आणि एकाच जागी कोसळते. सप्टेंबर २००२ मध्ये इथे काही ठिकाणी एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, गार्दों नदीने नवे पूल उचलून नेले, हा रोमन पूल राहिला. मेतेओ फ्रान्स या तिथल्या हवामान खात्याचा इशारा केशरी किंवा लाल असेल तर जाऊ नका, आकाश निळं दिसत असलं तरी. पुणेकराला पावसाची भीती कसली, असं म्हणणारा एक जण माझ्या गटात होता. त्या दिवशी आम्ही गेलो नाही. संध्याकाळी बातम्यांत वाहून गेलेला रस्ता दाखवला, तेव्हा तो काही बोलला नाही.

तिसरा मार्ग कालव्याचा. पुण्यात मुठा कालव्याच्या कडेने पळणाऱ्यांना कालवा म्हणजे काय ते सांगायला नको, पण कानाल द्यु मिदी हा दक्षिणेतला कालवा नौकांसाठी खणलेला आहे. मिठाचा कर गोळा करणारा प्येर-पोल रिके नावाचा गृहस्थ, त्याने चौदाव्या लुईच्या दरबारी योजना मांडली. १६६६ मध्ये हुकूम निघाला, मे १६८१ मध्ये कालवा खुला झाला, आणि रिके त्याआधी काही महिने, ऑक्टोबर १६८० मध्ये वारला. आयुष्य आणि पैसा दोन्ही त्यात घातले. एकूण २४० किलोमीटर. नावा ओढायला काठाने घोडे चालायचे, ती घोड्यांची वाट म्हणजे आपली पळायची वाट.

बेझिये शहराच्या कडेला फोंसेरानची पायऱ्यांसारखी लॉक-गेटं (पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली करणारे दारांचे हौद) आहेत, साधारण ३०० मीटरमध्ये नावा साडेएकवीस मीटर चढतात. ते बघून पश्चिमेला निघा. इथून पुढे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही, म्हणजे पाणी ५४ किलोमीटर एकाच पातळीत आहे आणि तुम्हीही. आठेक किलोमीटरवर, कोलोंबिये गाव मागे टाकलं की मालपासचा बोगदा येतो, १६७९ च्या सुमाराचा, नौकांच्या कालव्यासाठी खणलेला जगातला पहिला. याच टेकडीच्या पोटात खाली रेल्वेचा बोगदा आहे आणि त्याच्याही खाली तेराव्या शतकातला पाणी काढून टाकायचा. तीन काळ, तीन बोगदे, एकावर एक. वर आंसेरूनच्या टेकडीवर ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकापासूनची वस्ती होती, तिथून खाली मोंतादीचं तळं दिसतं. म्हणजे तळं नाही, १२४७ पासून तिथल्या जमीनदारांनी आटवलेली दलदल. पाणी मधोमध ओढून घ्यायला चर खणले, त्यामुळे शेतं पिझ्झाच्या तुकड्यांसारखी मध्यापासून फुटतात. ही एक जागा अशी आहे की चढायचा कंटाळा केलात तर पस्तावाल.

कालव्याच्या फोटोंत दोन्ही काठांवर प्लेन वृक्षांची दाट कमान दिसते. ती डोळ्यांसमोर ठेवून येऊ नका. एकोणिसाव्या शतकात लावलेली ही ४२,००० झाडं, त्यांना २००६ मध्ये एका बुरशीचा रोग सापडला, औषध नाही. हजारो झाडं तोडावी लागली, नवी वेगळ्या जातींची लावताहेत. काही पट्टे उघडे बोडके आहेत, टोपी हवी. जिथे झाडं उरली आहेत तिथे मुळं वाटेवर आलेली असतात. मी याच वाटेवर सावली बघून खूश होऊन वर बघत पळत होतो आणि तोंडावर पडलो. नावेतल्या एका आजींनी बोट थांबवून मला बर्फाची पिशवी आणि पास्तिस या बडीशेपेच्या वासाच्या दारूचा पेला, दोन्ही दिले.

ब्रिटनीबद्दल, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या प्रांताबद्दल, तुम्ही विचारलं नाही, तरी दोन शब्द. कार्नाकला चारेक किलोमीटरच्या पट्ट्यात सुमारे तीन हजार उभे दगड रांगांनी रोवलेले आहेत, सहा हजार वर्षांहून जुने. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोची जी बैठक झाली, जिच्यात आपल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचं नाव यादीत गेलं, त्याच बैठकीत कार्नाकचे दगडही गेले. दगड कुंपणात आहेत, पण कुंपणालगतच्या वाटेने मेनेकपासून केर्लेस्काँपर्यंत पळत जाता येतं. सकाळी उजेड तिरपा असताना रांगा जिवंत दिसतात. जवळच समुद्रकाठची जीआर-३४ ही लांब पल्ल्याची पायवाट आहे. १७९१ मध्ये चोरट्या मालावर नजर ठेवायला जकात खात्याने ती पाडली. शिपायाला प्रत्येक खाचेत डोकावायचं होतं, म्हणून वाट प्रत्येक खाचेत वळते. पेस विसरा. आणि सप्टेंबरअखेर म्हणजे विषुवदिनाच्या मोठ्या भरत्या. इथे भरती २० ते १२० अशा आकड्यात मोजतात, शंभरच्या वर आकडा असेल त्या दिवशी वाळूवरून जवळचा रस्ता काढू नका. पण ल्योंहून कार्नाक म्हणजे जायला एक आणि यायला एक दिवस. बारा दिवसांत मी ते करणार नाही. परतीचं विमान पॅरिसहून असेल तरच बघा.

पॅरिसहून उत्तरेला जाणारच असाल तर लीलपासून पंचवीसेक किलोमीटरवर नव्ह-शापेल नावाचं खेडं आहे. मार्च १९१५ मध्ये इथल्या लढाईत हिंदी फौजा होत्या. ज्यांची कबर नाही अशा ४,७०० हून जास्त हिंदी सैनिकांची नावं गोल भिंतीवर कोरली आहेत. १९२७ चं स्मारक, मध्ये कमळ असलेला खांब, दोन बाजूंना वाघ. भोवती सपाट शेतं, बटाटा आणि बीट, पाच-सहा किलोमीटरचा फेरा सहज होतो. मी तिथे दोनदा गेलो, दोन्ही वेळा भिंतीपाशी आलो तेव्हा घड्याळ बंद केलं. बांधावर गंजलेलं लोखंड दिसलं तर लांब राहा, नांगराला अजून जिवंत तोफगोळे लागतात.

आता कामाच्या गोष्टी, जशा आठवतील तशा.

पहाटे साडेपाचला उठून पळायची सवय इथे चालणार नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात साडेसातच्या आसपास उजाडतं, ब्रिटनीत त्याहून उशिरा.

बसने आधी लांब जा आणि पळत परत या, उलटं कधीच करू नका. खेड्यातल्या बसच्या वेळापत्रकात बारीक अक्षरांत 'फक्त शाळेच्या दिवशी' असं लिहिलेलं असतं. मी ते न वाचल्यामुळे एका रविवारी ओल्या टीशर्टवर थांब्यावर दोन तास बसलो होतो. माकों-क्लुनी-कॉर्माताँ-शालों बस आहे, वेळा आदल्या रात्री बघा. काही भागांत बस आदल्या दिवशी फोन करून सांगितली तरच येते, मुलीला करू दे तो फोन.

पाणी संपलं तर दफनभूमी शोधा. थट्टा नाही. चर्च बंद असेल, दुकान बंद असेल, पण गावाच्या दफनभूमीत फुलांना पाणी घालायला नळ असतोच आणि बहुतेक वेळा तेच पाणी गावाला प्यायला असतं. 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर पिऊ नका. दार ओढून घ्या, आत धावू नका.

दुपारी बारा ते दोन गाव झोपतं, रविवारी दुपारपासून बेकरी बंद, पुष्कळ ठिकाणी सोमवारीही. खिशात काहीतरी ठेवा. गुडदाणी घेऊन आलात तर इथल्या कुठल्याही एनर्जी जेलपेक्षा चांगली.

वाटेच्या खुणा खांबावर, दगडावर, झाडावर रंगवलेल्या असतात. लांब पल्ल्याच्या जीआर वाटेला पांढरा-लाल पट्टा, गावाभोवतीच्या छोट्या फेरीला पिवळा. फुली दिसली की चुकलात, मागे फिरा. तीनशे मीटरमध्ये एकही खूण दिसली नाही तरी मागे फिरा. मी एकदा 'पुढे असेलच' म्हणत थेट एका गोठ्यात निघालो होतो.

समोर कोणीही आलं की आधी 'बोंजूर'. पळता पळता, दम लागलेला असताना, तरीही. शेतकऱ्याच्या अंगणातून वाट जाते तिथे या एका शब्दावर कुत्रा आवरला जातो.

शिकारीचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. जंगलाच्या कडेला 'शास आं कूर' अशी पाटी म्हणजे आत बंदुका आहेत, त्या वाटेला जायचं नाही. केशरी किंवा भडक पिवळा जॅकेट-बंडी घाला, काळ्या-करड्या कपड्यांत पळू नका. परत आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, जांघेत गोचीड बघा. औषधांच्या दुकानात ती काढायचा प्लास्टिकचा छोटा आकडा मिळतो. पुढच्या काही आठवड्यांत लाल गोल चट्टा वाढत गेला तर डॉक्टरांना फ्रान्सला गेलो होतो हे आवर्जून सांगा. अडचणीत फोन ११२.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी इथे वारसा दिन असतात. एरवी कुलुपात असणारी चर्चं, गिरण्या, खाजगी वाडे उघडतात. तुम्ही नेमक्या त्याच सुमारास येताय. तेव्हा त्या दोन दिवसांत फार लांब पळायचा हट्ट धरू नका, पाच किलोमीटरमध्ये चार दारं उघडी मिळतील.

माझ्या हिशेबाने: पहिले तीन दिवस ल्योंलाच, झोपेची घडी बसवायला. मग दोन रात्री युझेस किंवा नीम, पाटाच्या वाटेसाठी, हवामान बघून. दोन रात्री बेझिये. परत येऊन एक दिवस काही नाही. मग सोल्युत्रे. आणि कॉर्माताँ-क्लुनी शनिवारसाठी ठेवा, कारण क्लुनीचा आठवडी बाजार शनिवारी सकाळी भरतो. सकाळच्या पहिल्या बसने कॉर्माताँ गाठलंत तर आरामात पळूनही अकरापर्यंत गावात असाल. मठाच्या भिंतीजवळ बकरीच्या दुधाचं चीज विकतात, अंगठ्याएवढं, वरून निमुळतं, माकोने नावाचं. ताजं मागा, जुनं झालं की फार तिखट लागतं. बारानंतर गेलात तर ताडपत्र्या गुंडाळलेल्याच दिसतील.